नागपूरमधला दीर्घ पू

‘नागपूर’ लिहिताना पू दीर्घ, पण ‘नागपुरात’ लिहिताना तोच पु ह्रस्व. संत्रीसुद्धा नागपुरीच, ‘नागपूरी’ नव्हे. शाळेच्या निबंधात या एका उकारापायी गुण गमावलेली मुले विदर्भात कमी नसतील. पण असे का, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. उत्तर मात्र छापलेले आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत गावांच्या नावांसाठी एक स्वतंत्र नियम आहे: ‘पूर’ हा ग्रामवाचक शब्द नावाला जोडताना पू दीर्घ लिहावा. त्याच्या उदाहरणांत नागपूर आहे. आणखी एक नियम म्हणतो की उपान्त्य अक्षरातला दीर्घ इकार किंवा उकार सामान्यरूपात ह्रस्व होतो. गरीब पण गरिबाला, नागपूर पण नागपुरात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून शरीर आणि शरीरात.

हे नियम कोणी केले आणि कोणत्या अधिकाराने केले? भाषा कोणाच्या मालकीची नसते. तिच्यात कोणीही लिहितो, कोणीही भर घालतो. अशा सामायिक वस्तूत बदल करायचा झाला तर तो कसा मांडायचा, कोणी तपासायचा, नाकारला तर कशाच्या आधारावर, हे प्रश्न आज खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत रोज पडतात. तिथे नव्या माणसाला सर्वांत आधी ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल दाखवली जाते: कोड असा लिहा, बदल असा पाठवा, कारण असे नोंदवा. त्या फाइलमागच्या रीतीचा इतिहास चाळीसेक वर्षांचा आहे. नागपूरने तेच प्रश्न त्याच्याही आधी, शब्दांच्या बाबतीत, दोन वेगळ्या पद्धतींनी सोडवून पाहिले होते.

पहिली पद्धत एका विद्वानाची. डॉ. रघुवीर यांची ‘सरस्वती विहार’ ही संस्था लाहोरची. १९४६ मध्ये ती नागपुरात आली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. प्रांत दुभाषी होता: एकीकडे हिंदी मुलूख, दुसरीकडे बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचे आठ मराठी जिल्हे. इंग्रजीतला कारभार या दोन भाषांत आणायचा तर सरकारला हजारो शब्द हवे होते, आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने रघुवीरांच्या कामाला पाठबळ दिले. पुढची दहा वर्षे नागपूर हा शब्दांचा कारखानाच होता. १९५५ मध्ये त्यांचा शासकीय व शैक्षणिक शब्दांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश इथूनच निघाला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली आणि संस्थाही दिल्लीला गेली.

रघुवीरांच्या कामाचा गाभा शब्दांत नव्हता, नियमांत होता. संस्कृतचे २० उपसर्ग, ८० प्रत्यय आणि ५२० धातू एवढ्या भांडवलावर लाखो शब्द घडवता येतात, हा त्यांचा हिशेब. इंग्रजीत ‘लॉ’, ‘बिल’ आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ या शब्दांचे एकमेकांशी काही नाते दिसत नाही. संस्कृतात मात्र ‘सम्’, ‘वि’ आणि ‘धा’ एवढ्या सामग्रीतून विधी, विधान, विधेयक, विधायक, संविधान असे अख्खे घराणे उभे राहते. एक शब्द कळला की उरलेले अर्धे कळलेच. नियम उघड असल्यामुळे उद्या नवी संकल्पना आली तरी तिच्यासाठी शब्द कोणीही घडवू शकेल, अशी त्यामागची कल्पना होती. ही कल्पना मोठी होती आणि तिचे मोल आजही मान्य करायला हवे. विधिमंडळात विधेयक मांडले गेल्याची बातमी मराठी माणूस आज न अडखळता वाचतो.

पण या रचनेत एक वाट बंद होती. शब्द घडवण्याचे नियम उघड होते, शब्द तपासण्याचे नव्हते. ज्या कारकुनाने, तलाठ्याने, मास्तराने तो शब्द वापरायचा, त्याचे म्हणणे कारखान्यापर्यंत परत येण्याची सोय नव्हती. बाहेरून आलेला पण रुळलेला शब्द राहू द्यावा की नाही, हा प्रश्नच नियमांच्या चौकटीत बसत नव्हता. उत्तर ठरलेले होते: संस्कृत. परिणाम व्हायचा तो झाला. काही शब्द घराघरांत गेले, बाकीचे कोशातच राहिले आणि त्यांची थट्टा झाली. गळ्यातल्या टायसाठी ‘कंठलंगोट’ हा शब्द त्यांच्या नावावर खपवला गेला, तो त्याच थट्टेतून. ज्या माणसाने एवढे कष्ट उपसले त्याच्या वाट्याला हे यावे, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरी पद्धत चार संस्थांची. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि नागपूरचा विदर्भ साहित्य संघ या त्याच्या घटक संस्था. विदर्भ साहित्य संघाचा जन्म १९२३ मधला, अमरावतीचा. पुढे संघ नागपूरला आला आणि सीताबर्डीवर स्थिरावला. महामंडळाचे कार्यालय एका गावाला कायमचे दिले गेले नाही. ते या चार संस्थांकडे पाळीपाळीने तीन-तीन वर्षे फिरत राहते. निर्णय पुण्याचा आणि पालन बाकीच्यांचे, ही तक्रार मराठीत जुनी होती आणि तिच्यावर काढलेला हा तोडगा होता.

महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये चार जोडले. एकूण अठरा. शासनाने ते स्वीकारले, पाठ्यपुस्तके त्यांप्रमाणे छापली जाऊ लागली. ‘नांव’चे नाव झाले, ‘कांहीं’चे काही झाले, कवि आणि गुरु यांचे शेवटचे अक्षर दीर्घ झाले. हे बदल आज इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांवरून एके काळी वाद पेटले होते हे सांगूनही खरे वाटत नाही.

या अठरा नियमांत सर्वांत शहाणा कोणता, असे विचारले तर जुन्या मजकुराविषयीचा नियम दाखवावा लागेल. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापताना ते मुळाबरहुकूम छापावे. केशवसुत आणि चिपळूणकर धरून पुढचे सारे नव्या नियमांप्रमाणे. म्हणजे ज्ञानेश्वरीचे लेखन कोणी ‘सुधारायला’ जायचे नाही. नियम करणाऱ्यांनी आपल्या नियमाची हद्द स्वतःच आखून घेतली. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्यांचे काम नव्या बदलाने बिघडू नये म्हणून जी खबरदारी घेतात, तीच ही. अपवादही असेच उघडपणे नोंदलेले आहेत. शेवटचा इकार दीर्घ, पण ‘आणि’ आणि ‘नि’ ह्रस्व. बोलण्यातले ‘केलं’, ‘म्हटलं’ लिहायचे तर शेवटी अनुस्वार, एरवी केले, म्हटले.

नियमांना वाटाड्याही लागला. मो. रा. वाळंबे यांनी नियम समजावून सांगणारी पुस्तके लिहिली. यास्मिन शेख यांनी मराठी लेखनाची मार्गदर्शिका तयार केली. अरुण फडके यांनी तर शुद्धलेखन खिशात मावेल एवढ्या पुस्तकात आणून दिले. नियम करणारा आणि नियम शिकवणारा हे दोन वेगळे कसबी असतात. प्रोग्रामरांच्या जगात शिकवणाऱ्याची वानवा कायम असते.

आता ते जग. १९८५ मध्ये लॅरी वॉल या अमेरिकी प्रोग्रामरने ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम लोकांना देऊन टाकला. त्याआधी कोणाच्या कोडमध्ये सुधारणा सुचवायची तर बहुधा अख्खी फाइल पाठवावी लागे, किंवा अमुक ओळ काढा, तमुक घाला, असे शब्दांत लिहावे लागे. पॅच आल्यावर फक्त फरक पाठवणे पुरेसे झाले: वजा चिन्हाची ओळ गेली, अधिक चिन्हाची आली. ‘नांव’ वजा, ‘नाव’ अधिक. समोरच्याने तो फरक वाचावा, पटला तर एका आज्ञेत लावून घ्यावा. ओळख नसलेल्या माणसाचे काम तपासून घेणे यामुळे शक्य झाले, आणि खुल्या सॉफ्टवेअरची पुढची सारी रीत या एका सोयीवर उभी आहे.

कोणता फरक स्वीकारायचा, हे मात्र प्रत्येक बिऱ्हाडाने आपापले ठरवले. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने कागदी शिस्त आणली: मोठा बदल द्यायचा तर त्याचा स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे सही करून द्यायचा. वेब सर्व्हर घडवायला १९९५ मध्ये जमलेल्या अपाची गटाने मतदानाची रीत घातली. अधिक एक म्हणजे मान्य, वजा एक म्हणजे अमान्य. कोडच्या बदलाला एकाचाही वजा एक नकाराधिकार ठरतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावेच लागते. कारण नसलेला नकार धरलाच जात नाही. साहित्यसंस्थांच्या सभा पाहिलेल्या माणसाला या एका ओळीची किंमत कळेल.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे, कारण तिथे नियमामागची घटना स्पष्ट दिसते. मार्च २००३ मध्ये एस्सीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समध्ये आमचा कोड घुसवला गेला असे ती म्हणू लागली. हजारो लोकांनी पाठवलेल्या ओळींपैकी कोणती कोठून आली, हे दाखवायचे कसे? मे २००४ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी उपाय मांडला: प्रत्येक बदलाच्या तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून पाठवणाऱ्याने आपले नाव द्यायचे. हा कोड माझा आहे किंवा मला तो देण्याचा अधिकार आहे, अशी ती हमी. बदल ज्या-ज्या तपासनिसाच्या हातून वर जातो, तोही आपली ओळ खाली जोडतो. दस्तऐवजावर साक्षीदारांच्या सह्या वाढत जाव्यात तशी ही माळ वाढते. सुरुवातीला इथे टोपणनाव चालत नव्हते. २०२३ मध्ये नियमाची भाषा बदलली आणि निनावी तेवढे वर्ज्य राहिले. माणिक गोडघाटे ज्या नागपुरात ‘ग्रेस’ या नावाने कवी झाले, त्या गावाला हा बदल उशिरा सुचलेला शहाणपणा वाटेल.

‘साइन्ड-ऑफ-बाय’च्या पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, दुसरी घटना. कर्नेलचे लोक बदलांची नोंद ठेवायला बिटकीपर हे एका कंपनीचे साधन फुकट वापरत होते. एप्रिलमध्ये ती सवलत गेली आणि टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात ‘गिट’ लिहायला घेतले. आज अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा ‘पीआर टाकला’ (बदल घेण्याची विनंती केली), ‘मर्ज झाला’ (तो बदल घेतला गेला) असे म्हणतो, तेव्हा तो त्या महिन्यात जन्मलेल्या साधनाभोवतीचीच भाषा बोलत असतो. २०१२ मध्ये गिटहबने ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ फाइलचा दुवा बदल पाठवण्याच्या पानावरच दाखवायला सुरुवात केली आणि नियमांच्या त्या फाइलला एक ठरलेली जागा मिळाली.

कर्नेलची तिसरी घटना क्लेशकारक आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासणी किती काटेकोर आहे हे पाहण्यासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचे उघड झाले. एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाचे बदल घेणे थांबवले गेले आणि आधी घेतलेले पुन्हा तपासावे लागले. त्यानंतर कर्नेलच्या कागदपत्रांत संशोधकांसाठी वेगळे मार्गदर्शन आले. तपासनिसाचा वेळ ही त्या जगातली सर्वांत दुर्मीळ गोष्ट. ती प्रयोगासाठी न विचारता वापरणे हा अपराधच होता.

मराठी या साऱ्या कोडमध्ये शिरली तेव्हा दोन्ही जगांचे नियम एकमेकांवर येऊन आदळले. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात तो दोन मार्गांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून एका पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडत नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ पर्यंत नव्हतेच. ल आणि श यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे, पण दोन्हींचा संकेतांक एकच. म्हणून मजकूर मराठी आहे हे फॉन्टला आधी सांगावे लागते आणि फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी आकृती ठेवावी लागते. रेड हॅटने दिलेल्या ‘लोहित’ या खुल्या फॉन्टमालिकेत एके काळी मराठीचा फॉन्ट वेगळाच होता. नंतर तो देवनागरीच्या एका फॉन्टमध्ये विलीन झाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवली आणि ‘ॲ’, ‘ऑ’ यांना तीत जागा दिली. म्हणजे फॉन्ट करणाऱ्याने एका हातात युनिकोडचे पुस्तक आणि दुसऱ्या हातात शासन निर्णय धरायचा.

भाषांतराचे तर आणखी अवघड. प्रोग्राममधल्या वाक्यात नावाच्या जागी अनेकदा डॉलरचे चिन्ह आणि एकचा आकडा असतो. भाषांतरकाराला पहिला नियम हाच सांगतात की त्याला हात लावू नका, तिथे यंत्र नाव भरेल. इंग्रजीत ते निभते. मराठीत नाव विभक्तीला भेटले की बदलते. यंत्र ‘नागपूर’ भरते आणि पुढे ‘मध्ये’ जोडते. ‘नागपूरमध्ये’ चालून जाते, पण माणूस म्हणतो नागपुरात. महामंडळाचा सामान्यरूपाचा नियम त्या डॉलरच्या खुणेला शिकवता येत नाही. म्हणून जाणते भाषांतरकार वाक्यच अशा बेताने फिरवतात की नावाला प्रत्यय लागू नये: ‘ठिकाण: नागपूर’. मराठी मेनूंमधली वाक्ये तुटक वाटतात, त्यामागे असे हिशेब असतात.

आणि इथेच रघुवीरांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘फाइल’ला काय म्हणायचे? मराठी विकिपीडियावर ‘संचिका चढवा’ असे लिहिलेले दिसते. इतर कित्येक प्रोग्रामांच्या मराठी मेनूत ‘फाइल’च आहे. कोणी ‘धारिका’ही सुचवली. फरक एवढाच की आता चर्चा उघड असते. शब्द कोणी सुचवला, कोणी हरकत घेतली, कोणत्या दिवशी बदलला, ही सारी नोंद राहते आणि उद्या कोणी नवे कारण घेऊन आला तर प्रश्न पुन्हा उघडता येतो. १९५० च्या नागपुरात त्या कारकुनाला आणि मास्तराला एवढी वाट मिळाली असती, तर तो कोश वेगळा झाला असता.

उघड्या वाटेवर गर्दीही होते. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला: कुठे एक रिकामी जागा, कुठे ‘छान प्रकल्प’ एवढेच. ३ ऑक्टोबरलाच नियम बदलावा लागला आणि जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील त्यांच्यातलेच बदल मोजले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स्प्रेस या लोकप्रिय प्रकल्पावर पुन्हा तसेच झाले. भारतीय विद्यार्थ्यांसाठीच्या एका शिकवणीत उदाहरण म्हणून तो प्रकल्प दाखवला होता, आणि मुले त्याच्या माहितीपत्रकात आपापली नावे जोडून खरेच पाठवू लागली. नागपुरात विश्वेश्वरय्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. आज ती राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिच्याभोवती डझनावारी महाविद्यालये उभी राहिली. अशा शहराला हा विषय परका नाही. मुलांना बोल लावणे सोपे आहे. त्यांना बटण कुठे आहे ते दाखवले गेले, पलीकडे कोण बसले आहे ते सांगितले गेले नाही.

कोड न येणाऱ्यालाही हातभार लावायला आज एक जागा आहे: ओपनस्ट्रीटमॅप, २००४ मध्ये सुरू झालेला सर्वांचा नकाशा. त्याचेही नियम आहेत. जमिनीवर जे आहे तेच नोंदवा. दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवू नका. प्रत्येक बदलासोबत काय केले आणि कशावरून केले ते लिहा. यंत्राने घाऊक बदल करायचे असतील तर आधी बाकीच्यांशी बोला. तिथे गावाच्या नावासाठी भाषेगणिक वेगळा रकाना असतो. मराठीच्या रकान्यात महामंडळाच्या नियमाप्रमाणे दीर्घ पू, नागपूर. शेजारीच हिंदीचा रकाना असतो आणि त्यात ‘नागपुर’ असे लिहिलेले असते. शुद्धलेखन पक्के असलेल्या मराठी माणसाचा हात ते पाहून शिवशिवतो. पण हिंदीत तेच बरोबर आहे, तो ह्रस्व पु तसाच ठेवायचा.